सर ज्यांच्यावर जळायचे

आमच्या इंग्रजी विभागात पेढ्यांचा बॉक्स आला की सगळे आधी सरांकडं बघायचे. बॉक्स आणणाराही. कुणाची पीएच.डी. झालेली असायची, कुणाचं पुस्तक आलेलं असायचं, कधी एखादा माजी विद्यार्थी कुठंतरी अधिकारी होऊन पाया पडायला आलेला असायचा. सर पेढा हातात घ्यायचे आणि विचारायचे, "कशाचा?" अधिकारी झालेल्याचा पेढा ते तिथंच तोंडात टाकायचे. "चांगलं झालं बाबा. मला कुठं व्हायचं होतं अधिकारी." पण पुस्तकाचा असला, कथेचा असला, एखाद्या चांगल्या लेखाचा असला, तर पेढा कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात जायचा. "वाचतो, मग खातो," म्हणायचे.

पुढं काही दिवसांनी निकाल लागायचा. सरांनी पेढा खाल्ला तर समजायचं की काम बेताचं आहे. वर आणखी एक मागून घेतला, तर त्यात काही राम नाही. आणि कधीतरी, फार क्वचित, सर तो कागदातला पेढा परत आणून त्या माणसाच्या टेबलावर ठेवायचे. "हा माझ्या घशाखाली उतरत नाय. लई चांगलं लिहिलंय तुम्ही. माझ्या पोटात दुखायलंय. अभिनंदन." एवढं बोलून निघून जायचे. मग दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. भर दुपारी डोक्याला रुमाल बांधून विद्यापीठाच्या मागच्या डोंगराकडं चालत जायचे आणि तास असला तर घामाघूम होऊन परत यायचे.

नव्यानं आलेल्यांना हे विचित्र वाटायचं. एक तरुण सहकारी तर रडकुंडीला आला होता. त्याच्या कवितांचा पेढा सरांनी परत केला तेव्हा त्याला वाटलं आपला अपमान झाला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "अरे, तुला कळत नाहीये तुला काय मिळालंय." हे सांगताना माझ्या आवाजात काय होतं ते मलाच ऐकू आलं.

सर बिडकीनचे. उंच, मानेत थोडे वाकलेले, मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. वर्गात त्यांचं इंग्रजी असं यायचं की मागच्या बाकावरच्या पोरांनाही समजावं, आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की बिडकीनची मराठी. दोन्हींच्या मध्ये काही नव्हतं. चहा बशीत ओतायचे आणि तो पार गार झाल्यावर प्यायचे. आवडलेलं पुस्तक उभ्यानं वाचायचे, खिडकीशी. खुर्चीत बसून वाचताना दिसले की समजावं, पुस्तक काही फार बरं नाही.

विभागाच्या व्हरांड्यात एक फलक आहे. प्राध्यापकांचं आणि माजी विद्यार्थ्यांचं यश त्यावर लावतात. शहराचं नाव बदललं तेव्हा फलकही नवा आला, काचेचा. सर रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहायचे. लोक पेपरात निधनवार्ता वाचतात तशा चेहऱ्यानं ते दुसऱ्यांची बक्षिसं वाचायचे. स्वतः सरांचं नाव त्यावर कधीच नव्हतं. दरवर्षी मूल्यांकनाची माहिती गोळा करायची वेळ आली की विभागप्रमुख संकोचून विचारायचे, "सर, यंदा काही?"

"नाय. यंदाबी नुसतं शिकवलं," सर म्हणायचे. त्यात ना लाज असायची, ना टोमणा.

आपल्याकडं हेवा वाटणारी माणसं कमी नाहीत. विद्यापीठात तर मुळीच कमी नाहीत. पण बाकीचे सगळे हसून हात मिळवतात आणि कॅन्टीनमध्ये जाऊन त्याच माणसाच्या पुस्तकाची चिरफाड करतात. सर तोंडावर सांगायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "सर, असं सरळ सांगताना तुम्हाला कसंतरी होत नाही का?"

"बाई, दात दुखला तर आपण सांगतो का नाय?" ते म्हणाले. "हेबी दुखणंच हाय. लपवलं की सडतं."

मी विभागात लागल्यापासून मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे सरांच्या पोटात माझ्यामुळं दुखावं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखंही नव्हतं. माझे वडील वाळूजला एका कारखान्यात होते, तीनही पाळ्या केलेला माणूस. आमच्या वस्तीतली विद्यापीठात शिकवणारी मी पहिली. बुद्धविहारात माझा सत्कार झाला, नातेवाइकांत माझं उदाहरण दिलं जातं. कौतुकाची मला कमतरता नव्हती. पण कौतुक करणाऱ्या बहुतेकांनी माझं काही वाचलेलं नव्हतं, आणि सर वाचायचे. त्यामुळं कुणाचा पेढा परत आला की माझा तो दिवस खराब जायचा.

मग माझं पुस्तक आलं. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर इंग्रजीत लिहिलेलं, बरीच वर्षं खपून केलेलं. त्याला पुरस्कारही मिळाला. वडिलांनी आपल्या जुन्या सोबत्यांना फोन करकरून सांगितलं. मी गुलमंडीवरून पेढे आणले आणि पहिला बॉक्स सरांसमोर धरला. सरांनी पेढा कागदात गुंडाळला, खणात ठेवला आणि पुस्तक घेतलं.

ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. येता-जाता मी त्यांच्या खोलीत डोकवायचे. एकदा बघितलं तर सर पुस्तक वाचत होते आणि खुर्चीत बसले होते. मी स्वतःला समजावलं की त्यांचे गुडघे दुखत असतील.

एका दुपारी स्टाफरूममध्ये सगळे असताना सर आले. खिशातून कागद काढला, उलगडला आणि माझ्यासमोर उभं राहून तो पेढा खाल्ला. सावकाश, चवीनं. मग म्हणाले, "छान झालंय पुस्तक. लई मेहनत घेतली तुम्ही. आहेत का अजून पेढे?" फ्रिजमध्ये बॉक्स होता. त्यांनी आणखी एक खाल्ला आणि एक घरी काकूंसाठी नेला.

सगळे मोबाइलमध्ये बघायला लागले. मी हसले, आणखी काय करणार? त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी माझंच पुस्तक काढलं आणि सरांसारखं खिडकीशी उभी राहून वाचायला लागले. तिसऱ्या प्रकरणात मी बसले. मेहनत सगळीकडं दिसत होती. तेवढीच दिसत होती.

याच्या पुढच्या वर्षी रुखसारचं झालं.

रुखसार आमची माजी विद्यार्थिनी. सिल्लोडची, वडिलांचा कापसाचा धंदा. एम.ए.ला होती तेव्हा शेवटच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. मी तिला दोन वर्षं शिकवलं. तिच्या इंग्रजीतली शब्दयोगी अव्ययं मी दुरुस्त करत राहिले, एवढं मला आठवतं. पण तेव्हाही एक प्रसंग घडला होता. सरांनी वर्गाकडून काहीतरी लिहून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सर तासाला आले, टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आज माझ्याच्यानं शिकवणं होणार नाय," आणि निघून गेले. पोरांना वाटलं सरांची तब्येत बिघडली. एकजण पाणी घेऊन मागं धावला. मला नंतर कळलं की त्यांनी आदल्या रात्री रुखसारनं लिहिलेली चार पानं वाचली होती.

तिच्या इंग्रजी कथांचं पुस्तक आलं आणि त्याला परदेशातलं एक मोठं बक्षीस मिळालं. पेपरात फोटो आले. विभागात दिवाळी असल्यासारखं झालं. तिला शिकवलं नाही असा एकही माणूस विद्यापीठात उरला नाही. विभागप्रमुख सगळ्यांना सांगायला लागले की तिच्यातली ठिणगी त्यांनी पहिल्या वर्षीच ओळखली होती. फलकावरचं बाकी सगळं काढून तिचा फोटो लागला. खाली मोठ्या अक्षरांत 'आमची विद्यार्थिनी'.

मी ते पुस्तक एका बैठकीत वाचलं आणि मला झोप लागेना. तिनं आपल्या मोहल्ल्यातल्या बायकांबद्दल लिहिलं होतं. लग्नात ढोलकी वाजवणारी एक आत्या, कापूस वेचून आल्यावर एकमेकींच्या बोटांतले काटे काढणाऱ्या दोन सवती. इंग्रजी होतं, पण त्यातून सिल्लोडच्या बायकांचा आवाज येत होता. माझ्या आईनं, मावश्यांनीही कापूस वेचला होता. त्यांच्या बोटांवर ते काटे मी लहानपणापासून बघितले होते. मी अशाच बायकांवर दोनशे पानं लिहिली होती आणि त्यात बोटं कुठंच नव्हती.

रुखसार पेढे घेऊन आली. सगळ्यांनी घेतले. सरांनी पेढा हातात घेतला, तिच्याकडं बघितलं आणि त्यांनी तो कागदात वगैरे गुंडाळला नाही. सरळ बॉक्समध्ये परत ठेवला. "मी वाचलंय," म्हणाले आणि डोंगराकडं निघाले. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

रुखसार घाबरली. मला हळूच म्हणाली, "मॅडम, सर नाराज तो नहीं ना? वर्गात पण कधी चांगलं म्हणाले नाहीत मला."

"नाही गं. नाराज नाहीत," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. तिला खरं काय ते समजावून सांगायला हवं होतं, पण ते शब्द माझ्या तोंडातून निघेनात. जे मिळावं म्हणून मी इतकी वर्षं थांबले होते, ते या पोरीला न मागता मिळालं होतं, आणि तिला ते ओळखताही येत नव्हतं.

तिच्या सत्काराला सभागृह भरलं होतं. तिचे आईवडील, भाऊ, सिल्लोडहून आलेली एक जीप भरून माणसं. भाषणांवर भाषणं झाली. प्रत्येकजण म्हणत होता, आम्हाला रुखसारचा अभिमान आहे, हे आमच्या विभागाचं यश आहे. विभागप्रमुखांनी शेवटी सरांना आग्रह केला. सर टाळत होते. मग उठले, माईकपाशी गेले आणि मराठीत बोलले, त्यांच्या त्या बिडकीनच्या मराठीत.

"सगळ्यांना अभिमान वाटायलाय. मला नाय वाटत," ते म्हणाले. रुखसारच्या वडिलांनी मान वर केली. "अभिमान कवा वाटतो? त्या गोष्टीत आपला काही वाटा हाय असं वाटलं तर. ह्या पुस्तकात माझा वाटा नाय. मी हिला शिकवलं, पण मी जे शिकवलं त्यातलं ह्यात काहीबी नाय. हे सगळं हिनं घरून आणलंय. तुमच्याकडून आणलंय," ते तिच्या आईकडं बघून म्हणाले. "मी आयुष्यभर चांगली पुस्तकं शिकवली. मला वाटायचं आपणबी एक पान असं लिहावं. जमलं नाय. म्हणून मी जळतो हिच्यावर. लई जळतो. हे यश विभागाचं नाय, हिचं हाय. ते हिच्यापाशीच राहू द्या."

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. विभागप्रमुखांचा चेहरा उतरला होता. रुखसारच्या आईला बहुतेक सगळं समजलं असावं. तिनं पदरानं डोळे पुसले. रुखसार खाली मान घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. आता तिलाही कळलं होतं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते आणि माझ्या मनात एकच विचार होता, की असं माझ्याबद्दल कुणी कधी बोललं नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी निरोपसमारंभ करू दिला नाही. पैठण रोडकडं त्यांचं छोटं घर आहे, तिथं ते आणि काकू राहतात. विभागात पेढे येतात, आता सगळे सगळ्यांचे पेढे खातात. सुरुवातीला बरं वाटलं. मग त्या पेढ्यांना चवच राहिली नाही.

गेल्या हिवाळ्यात सरांचा फोन आला. "बाई, थोडं काम हाय. येता का घरी?" मी गेले. काकूंनी पोहे केले होते. सरांनी काही टाइप केलेली पानं माझ्यापुढं ठेवली. "लिहायला लागलोय. इंग्रजीत. वाचा इथंच."

"मीच का, सर?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाय. कान लाल होतात तुमचे."

मी वाचायला लागले. सर समोर बसून माझ्याकडं बघत होते. बिडकीनबद्दल होतं, लहानपणाबद्दल. वाक्यं सुंदर होती, एकही चूक काढता आली नसती. सूर्योदय होता, पैठणच्या गोदावरीचं पाणी होतं, जुन्या शाळेची घंटा होती. मी वाट बघत राहिले की कुठंतरी काहीतरी टोचेल. पानं संपली.

"दुखलं का पोटात?" सरांनी विचारलं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. या माणसानं एवढी वर्षं इतरांचं वाचलं होतं आणि आज पहिल्यांदा स्वतःचं कुणाला तरी दाखवलं होतं. हो म्हणणं किती सोपं होतं. पण या माणसाला खोटा हेवा देणं म्हणजे त्याची फसवणूक झाली असती.

"नाही सर," मी म्हणाले. "छान आहे. पण नाही दुखलं."

सर चष्मा काढून शर्टाला पुसत बसले. तेवढ्यात आतून काकू ओरडल्या, "अहो, पाणी आलं." आमच्या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे हातातलं सगळं सोडून धावायचं असतं. सर उठले. मीही उठले. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मी पाइप धरला, काकू एकेक ड्रम पुढं सरकवत होत्या. दुसरा ड्रम भरत आला तेव्हा सर म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं मी बरोबर माणसांवर जळलो."

मला आधी कळलं नाही.

"मलाबी वाचताना वाटलंच होतं, ह्यात काय नाय म्हणून. पण आपल्या लेकराला आपण काणं म्हणत नाय ना. आता कळलं, नजर शाबूत हाय," असं म्हणून ते हसले. खरंच हसले, ओल्या हातांनी कपाळ पुसत. "पाइप वर घ्या बाई, सांडतंय."

स्कूटीवरून घरी येताना मला त्यांचा राग येत होता. असं ऐकून घेता येतं माणसाला, हे मला माहीतच नव्हतं. मला आलं नव्हतं. माझं पुस्तक आजही कपाटात मागच्या रांगेत आहे आणि त्यानंतर मी काही लिहिलेलं नाही.

पुढचे काही आठवडे फोन नाही. मला वाटलं, सरांनी सोडून दिलं असेल. मग एका रविवारी सकाळी मी कणीक मळत असताना फोन वाजला. मी कोपरानं स्पीकर लावला.

"बाई, ते सगळं फाडून टाकलं," सर म्हणाले. "मराठीत लिहिलंय आता. ऐकता का जरा?"

"वाचा सर."

त्यांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले. त्यांच्या मोठ्या बहिणीबद्दल होतं. तिला चौथीतच शाळेतून काढलं होतं, घरात काम होतं म्हणून.

"अक्का चुलीशी भाकरी थापायची आन मी पलीकडं बसून इंग्रजीचा धडा वाचायचो," सर वाचत होते. "मोठ्यानं वाचायचो. गल्लीत ऐकू जायचं. लोक म्हणायचे, पोरगं लई अभ्यासू हाय. बापालाबी तसंच वाटायचं. अभ्यासू मी नव्हतो. मी मोठ्यानं वाचायचो, कारण त्यातला अर्धा धडा तिचा होता. कळायचं तिला काहीच नाय, मलाबी नाय. पण मी दमून थांबलो की ती थापता थापता थांबायची. मागं न बघता म्हणायची, झालं एवढंच?"

सर थांबले. पान उलटल्याचा आवाज आला, पण पुढचं त्यांनी वाचलं नाही.

माझे हात कणकेत होते. छातीपासून खालीपर्यंत काहीतरी पेटत गेलं. अशी बहीण मलाही होती. माझ्यासाठी जिची शाळा सुटली अशी सख्खी मोठी बहीण, आजही मुकुंदवाडीत राहते. मी तिच्यावर एक ओळ लिहिली नव्हती. आता कधी लिहिली तर या ओळींच्या पुढं जाणार नव्हती. मी स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसले.

फोनवर काही बोलावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मला बोलता आलं नाही. पलीकडं काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

मग सर हळूच म्हणाले, "जा बाई. जरा चालून या बाहेर."